सात मिनिटांची ‘राखण’

माझं उभं आयुष्य दुसऱ्यांचे आवाज टेपवर भरण्यात गेलं. नगरात माळीवाड्याजवळ माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आता शहराच्या पाट्यांवर नवं नाव आलं आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं, त्याचा वाचकांनी राग मानू नये. काही वर्षांपूर्वी दुकानाचं शटर कायमचं ओढलं आणि मशीनं, टेपा, वायरींची भेंडोळी सगळं केडगावच्या घरी आणलं. बायको म्हणाली, “दुकान बंद केलं म्हणता, मग हे घरात काय उघडलंय?”  

बाहेरच्या माणसाला वाटतं, रेकॉर्डिंग म्हणजे बटण दाबायचं आणि बसून राहायचं. खरं काम बटण दाबण्याच्या आधीचं. कीर्तनात माईक पखवाजाजवळ गेला की बुवा ऐकू येत नाहीत आणि बुवांच्या तोंडाशी गेला की त्यांचा श्वास वाऱ्यासारखा घोंघावतो. पत्र्याच्या सभागृहात टाळी वाजवून पाहायची, ती किती वेळा परत येते त्यावरून माईक किती पुढे न्यायचा ते ठरवायचं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये प्रत्येक आईला आपल्याच पोराचा आवाज हवा असतो, ते कोणत्याच माईकला जमत नाही. या कामात मी तरबेज होतो असं मीच म्हणतो, कारण म्हणणारे बाकीचे आता फारसे उरले नाहीत.

माझ्या धंद्यातली एकच तांत्रिक गोष्ट वाचकांना समजून घ्यावी लागेल, ती एका गिऱ्हाइकाच्या तोंडून सांगतो. राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या एका वस्तीवरून एक शेतकरी आले होते. वडील गेले होते आणि त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती. त्यात म्हातारा खोंडावर ओरडत होता, बाकी काही नाही. पण लेकाला तो आवाज पटत नव्हता.

“आवाज बापाचाच हाय,” ते म्हणाले, “पर आमचा बाप असा चिरकत न्हवता. लई जड बोलायचा. आन एवढ्या घाईत तर कदीच न्हाई.”

मी कॅसेट लावून ऐकली आणि विचारलं, “भरलं तेव्हा टेपमधले सेल जुने होते का?”

“व्हय. उन्हात ठिवून परत घातले हुते.”

मग प्रश्न मिटला. सेल थकलेले असले की भरताना टेप हळू सरकते. पुढे तीच टेप नेहमीच्या वेगाने लावली की भरलेला आवाज पळतो आणि बारीक होतो. याच्या उलटही होतं. भरताना टेप जोरात पळाली, तर नंतर आवाज रेंगाळतो आणि जाड, खोल होतो. मी मोटरचा स्क्रू हळूहळू फिरवत गेलो आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. एका जागी ते म्हणाले, “बास. थांबा. ह्यो माझा बाप.” मग खोंडाला दिलेल्या सगळ्या शिव्या त्यांनी मान खाली घालून ऐकल्या. असा दिवस आला की मी संध्याकाळी ताठ मानेने घरी जायचो.

हे सगळं मला कळत होतं, हे लक्षात ठेवा. कारण पुढे जे सांगतोय त्यात मला हेच कळलं नाही.

आमच्या भागात एक जुनं चर्च आहे. पावसाळा सरून पिकं हाती आली की तिथे हंगामाचा सण करतात. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, शेंगांच्या डहाळ्या, कोंबडीची अंडी, ज्याच्या रानात जे आलं ते आणून ठेवतात. या सणासाठी साळवे मास्तरांनी एक रचना केली होती. दाविद साळवे शाळेत संगीत शिकवायचे. तरुणपणी पलटणीच्या बँडमध्ये होते, तिथे नोटेशन शिकले. त्यांच्या रचनेचं नाव ‘हंगाम’. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसती वाद्यं. चर्चमधली व्हायोलिनवाली मंडळी, लग्नाच्या बँडमधले पितळी वाद्यांवाले, दोन क्लॅरनेट, एक पायपेटी, ढोलकी, तबला, असे पंचवीस-तीस जण. पितळी वाद्यांवाले मुसलमान आणि मांग, व्हायोलिनवाले ख्रिस्ती, तबल्यावर एक ब्राह्मण पोस्टमन. मास्तर समोर उभे राहून काठी हलवायचे. वाद्यवृंदाचा संचालक वगैरे शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे. “यंदा काठी कोणाकडं?” एवढंच विचारायचे.

‘हंगाम’चे चार भाग: नांगरट, पेरणी, राखण आणि खळं. त्यातला ‘राखण’ सगळ्यांच्या जिवाचा. पीक उभं आहे, माळ्यावर एकटा राखणदार बसला आहे, एवढाच त्याचा विषय. पायपेटीवर एक सूर धरून ठेवलेला आणि त्यावर एकटी क्लॅरनेट. बाकी सगळे गप्प. मास्तरांनी त्या पानावर वेग लिहिला होता तो असा: ‘सावकाश. पण राखणदार झोपता कामा नये.’ घड्याळाचा आकडा कुठेही नाही.

माझ्या दुकानाच्या सुरुवातीच्या वर्षांत चर्चच्या पंचांनी मला ‘हंगाम’ भरायला बोलावलं. एवढी वाद्यं मी तोवर कधी एकत्र भरली नव्हती. कार्यक्रम दुपारचा, चर्चच्या आवारात मांडवाखाली. ऐन वेळी लाईट गेली. मांडववाल्याचा डिझेलचा जनरेटर होता, त्यावर पंखे, कर्णे आणि माझं मोठ्या चकत्यांचं टेपमशीन असं सगळं चाललं. मास्तरांनी काठी उचलली आणि त्या दुपारी जे वाजलं ते मी भरलं. क्लॅरनेटवर हुसेनभाई होते, लग्नाच्या बँडमधले. मी कानांवर हेडफोन लावून मशीनच्या काट्याकडे बघत होतो. संगीत ऐकायला मला सवड नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर वारले, त्याच वर्षी हुसेनभाईही गेले. मास्तरांच्या हातचा ‘हंगाम’ फक्त माझ्या टेपवर उरला. मी त्याच्या कॅसेटी केल्या. भागांच्या मधली खुर्च्यांची खरखर, खोकले, बोलणं सगळं काढून टाकलं, चारही भाग स्वच्छ एकापाठोपाठ लावले. ती कॅसेट आमच्या भागात घरोघरी गेली. लोक पाहुण्यांना लावून दाखवायचे. ‘राखण’ सुरू झाली की बोलणं थांबायचं. क्लॅरनेटचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. लोक म्हणायचे, “मास्तरांना आपलं मरण दिसत होतं, म्हणून असं वाजवून घेतलं.” मला बरं वाटायचं, कारण भरलं मी होतं.

मास्तरांनंतर काठी रूथ गायकवाडांकडे आली. रूथताई मास्तरांची विद्यार्थिनी, व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसायच्या, आणि एका शाळेत गणित शिकवायच्या. बाईमाणसाने काठी धरावी की नाही यावर आधी थोडी कुजबुज झाली, पण मास्तरांनीच त्यांचं नाव सांगून ठेवलं होतं. त्यांचा ‘हंगाम’ मी लागोपाठ तीन वर्षं भरला. त्यांची ‘राखण’ सात मिनिटांत संपायची. कॅसेटवरची आठ मिनिटांची होती.

एक मिनिट म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हळू गाण्यात एक मिनिट म्हणजे दुसरंच गाणं. लोकांनी नाकं मुरडली. “ताई घाई करतात.” “राखणदाराला घरी जायचंय वाटतं.” रूथताई म्हणायच्या, “मास्तर असेच घ्यायचे. मी त्यांच्या समोर बसून वाजवलंय.” मग कोणीतरी कॅसेट लावायचं आणि वाद संपायचा. वाजवणाऱ्यांमध्येही साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. बँडवाले एका मोसमात शंभर वराती वाजवणारे, त्यांना दोन वर्षांपूर्वीचा वेग काय आठवणार? आणि कॅसेट रोज ऐकून ऐकून ज्यांना आठवत होतं त्यांनाही ती कॅसेटच आठवायला लागली.

तिसऱ्या वर्षी रूथताई माझ्या दुकानात आल्या. उभ्या राहूनच म्हणाल्या, “कुलथेभाऊ, तुमची टेप उतरलेली वाटते मला. ‘राखण’मध्ये पेटीचा सूर खाली आहे. मशीन एकदा तपासाल का?”

मला ते लागलं. पण मी तपासलं, हे खरं आहे. वेग तपासायची एक टेप मिळायची, ती लावली, हातात घड्याळ धरलं, तीनदा मोजलं. मशीन बरोबर होतं. पंचांच्या बैठकीत मला विचारलं तेव्हा मी उभा राहून सांगितलं, “माझं मशीन चोख आहे. टेप खोटं बोलत नाही.” रूथताई समोरच्या बाकावर बसल्या होत्या.  मागून कोणीतरी म्हणालं, “हरल्यावर मशीनला दोष.” त्या वर्षी त्यांनी काठी सोडली. पुढे व्हायोलिनही सोडलं आणि बदली घेऊन कर्जतला गेल्या.

मग सॅम्युएल पाटोळे आला. तो साखर कारखान्यात फिटर होता, क्लॅरनेट उत्तम वाजवायचा. मास्तरांच्या वेळी तो बाहेरगावी होता, त्यामुळे ‘हंगाम’ तो पूर्णपणे कॅसेटवरून शिकला. ‘राखण’ आली की तो काठी खाली ठेवायचा, स्वतः क्लॅरनेट उचलायचा आणि मानेने पेटीवाल्याला खूण करायचा. त्याची ‘राखण’ आठ मिनिटांच्याही थोडी वर जायची. लोक डोळे पुसायचे. वीस-बावीस वर्षं झाली, काठी त्याच्याकडेच आहे, आणि ‘हंगाम’ म्हणजे सॅम्युएलचाच, असं पुढच्या पिढीला वाटायला लागलं.

माझ्याकडे तिघांच्या कॅसेटी होत्या आणि रिकाम्या वेळी त्या एकामागून एक ऐकायचा मला नाद लागला होता. एकच कागद, पण तीन माणसं. ‘नांगरट’मध्ये जाड पितळी वाद्यं औत ओढतात. मास्तर प्रत्येक तासाच्या, म्हणजे नांगराच्या ओळीच्या, शेवटी, बांधाशी, किंचित थांबायचे, बैल वळवायला लागतो तेवढा वेळ. रूथताईंचे बैल शिकवलेले, वळताना थांबत नाहीत. सॅम्युएलची सगळी औतं एकाच वेळी वळतात, कारखान्याचा भोंगा झाल्यासारखी. ‘पेरणी’त व्हायोलिनच्या तारा बोटाने तोडत बी टाकल्याचा आवाज काढायचा असतो. तिथे रूथताईंचा हात सगळ्यात हलका. मास्तरांच्याही कॅसेटवर एवढं मोकळं बी पडत नाही. ‘खळ्या’त सॅम्युएलला तोड नाही. ढोलकी आणि पितळ एकत्र उसळतात तेव्हा माझ्या मशीनचा काटा उजव्या कडेला चिकटायचा. हे मी कोणाशी बोलायचो नाही. रेकॉर्डिंगवाल्याला कोण विचारतं? पण हे असं कान देऊन ऐकणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन, याचा मनातून अभिमान होता.

गेल्या वर्षी चर्चच्या पंचांनी निरोप पाठवला. कॅसेटी आता कोणाकडे चालत नाहीत, ‘हंगाम’ मोबाईलवर ऐकता येईल असा करून द्या. मी मनात म्हटलं, कॅसेटवरून कशाला, मूळ चकतीवरून करू. मास्तरांची ती चकती मी पहिल्या कॅसेटनंतर कधी पुन्हा लावलीच नव्हती. सकाळी डबा उघडला, टेप जुन्या मशीनवर चढवली, वायर लॅपटॉपला जोडली.

‘पेरणी’ संपली. मग ते सगळं आलं जे मी तेव्हा कचरा समजून, कान न देता कॅसेटमधून कापलं होतं. खुर्च्या सरकल्या, कोणी खोकलं, मागे जनरेटरची धडधड. आणि माझाच आवाज. कोवळा, हुकमी.

“अहो, जरा रेस वाढवा. मशीनचा दिवा बारीक होतोय.”

दुसरा आवाज म्हणाला, “जास्त होईल, साहेब.”

“होऊ द्या. मी बघतो.”

आणि धडधड वाढली. टेपवर स्पष्ट ऐकू आलं, इंजिन आधी एका चालीने चाललं होतं, ते पळायला लागलं. मग थोडी शांतता, पायपेटीचा सूर, आणि ‘राखण’.

वाचकांनी खोंडावर ओरडणारा म्हातारा आठवावा. माझ्या त्या मशीनची मोटर विजेच्या ठोक्यावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, फिरायची. घरच्या विजेचा ठोका कायम सारखा. जनरेटर जोरात पळाला की ठोकाही जोरात, मोटरही जोरात, टेपही जोरात. भरताना पळालेली टेप पुढे दुकानातल्या विजेवर लावली, ती रेंगाळली. मशीन चोख होतं. मी चोख नव्हतो. पहिले दोन भाग बरोबर, पुढचे दोन चुकीचे. ‘खळं’ मुळातच धावतं, तिथे कोणी घड्याळ लावलं नाही.

मी खुर्चीत बसून राहिलो. बायकोने दोनदा चहाला हाक मारली. तिसऱ्यांदा आत आली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच खुर्ची ओढून बसली. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “नुसतं वाटतंय, की खात्री आहे?”

खात्री करण्यासाठी मी सॅम्युएलला क्लॅरनेट घेऊन बोलावलं. तो आता कारखान्यातून निवृत्त झाला आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. त्याला टेपवरची ‘राखण’ लावून दिली आणि शेवटचा तो सगळ्यात खालचा सूर आला तेव्हा थांबवली. “हा सूर काढून दाखव.”

त्याने सगळ्या चाव्या दाबल्या आणि फुंकला. टेपवरचा सूर त्याच्याही खाली होता. त्याने पुन्हा फुंकला. मग क्लॅरनेट मांडीवर ठेवली.

“ह्याच्या खाली ह्या वाद्यात काहीच न्हाई, भाऊ,” तो म्हणाला. “मी शिकतानाच बघितलं हुतं. कागदावर बी ह्योच सूर हाय, टेपवर मात्र त्याच्या खालचा. मला वाटलं हुसेनभाईची काहीतरी करामत असंल.”

मग मी त्याला मधला तुकडा ऐकवला. माझा आवाज, रेस, धडधड. तो फिटर माणूस, त्याला जनरेटर समजवावा लागला नाही. बराच वेळ तो क्लॅरनेटचे सांधे सुटे करत बसला. एकेक सांधा पुसून पेटीत ठेवला.

“म्हंजे मी इतकी वर्सं काय वाजवलं?” त्याने विचारलं.

“तू चांगलंच वाजवलंस.”

“ते मी इचारलं न्हाई.” तो उठला. दारात थांबून म्हणाला, “कुणाला सांगनार हाय का?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही.” ते खरं होतं. लोकांचं प्रेम सॅम्युएलच्या ‘राखण’वर होतं. मास्तर जाऊन जमाना लोटला. माझं नाव त्या एका कॅसेटवर उभं होतं. कॅसेट कापलेली होती, तशीच राहिली असती तर कोणाचं काही अडलं नसतं. रूथताई सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम्युएलचा फोन आला. “भाऊ, कर्जतची गाडी किती वाजता हाय?” एवढंच.

रूथताईंचं घर कर्जत गावाच्या कडेला आहे. अंगणात शेवग्याचं झाड, एका बाजूला भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या. मुलगी आणि जावई दोघं शिक्षक, शाळेत गेलेले. ताईंचे केस पांढरे झालेत, चष्मा जाड, पण बसणं अजून व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरचं, पाठ सरळ. आम्हाला पाहून त्यांनी फार आश्चर्य दाखवलं नाही. पाणी दिलं, शेंगांची ताटली पुढे ठेवली.

मी घरून बोलायची तयारी करून गेलो होतो, ती सगळी विसरलो. म्हणालो, “ताई, तुम्ही मशीन तपासा म्हणाला होतात. मी मशीन तपासलं. जनरेटर तपासला नाही.” आणि मोबाईल छोट्या स्पीकरला जोडून वेग दुरुस्त केलेली ‘राखण’ लावली.

पहिल्या सुरालाच त्यांनी डोळे मिटले. हुसेनभाईंची क्लॅरनेट आता विहिरीतून येत नव्हती, उघड्या रानातून येत होती. ताईंचं बोट ताटलीच्या कडेवर पडायला लागलं. ठोका टेपच्या पुढेही नव्हता आणि मागेही नव्हता. सात मिनिटं आणि वर काही सेकंद. संपल्यावरही बोट एकदा पडलं आणि मग थांबलं.

“हे मास्तर,” त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी लगेच ‘असू दे’ म्हटलं नाही, आणि त्यांनी तसं म्हणू नये असंच मला वाटत होतं. मग म्हणाल्या, “काठी गेली त्याचं मला एवढं वाटलं नाही, कुलथेभाऊ. दुसरं कोणी धरणारच होतं. पण तुम्ही बैठकीत टेप खोटं बोलत नाही म्हणालात, तेव्हा मलाच वाटायला लागलं की मला नीट आठवत नसेल. ज्यांच्यासमोर मी नऊ वर्षं बसले, ते मास्तर कसे वाजवायचे हे मला आठवत नाही. मग व्हायोलिन हातात घेऊन करायचं काय?”

 

सॅम्युएल पुढे सरकून बसला. तो म्हणाला, “ताई, यंदा काठी तुमी घ्या. मी क्लॅरनेटला बसतो.”

“माझे खांदे दुखतात आता.”

“एक ‘राखण’ घ्या. बाकीचं मी बघतो.”

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “तुझी मी ऐकली आहे, सॅम्युएल. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी मोबाईलवर पाठवली होती.” तो खाली बघायला लागला. “चांगली आहे. माझा राखणदार तरुण आहे, तुझा म्हातारा. म्हाताराही राखण करतोच की. पण मास्तरांचा तरुण होता, एवढं लोकांना कळलं पाहिजे.”

हंगामाच्या सणाच्या आधीच्या रविवारी, उपासना झाल्यावर, मी चर्चमध्ये उभा राहिलो. पाळकांनी मला पाच मिनिटं दिली होती. मी मूळ टेप ऐकवली, माझ्या आवाजासकट. ‘जरा रेस वाढवा’ ऐकून काही जण हसले. मी सांगितलं की ज्यांनी बरोबर सांगितलं होतं त्यांना आपण खोटं पाडलं, आणि त्याला कारण माझी टेप आणि माझा ताठा. मग हसणं थांबलं. एक जुने पंच, आता काठी टेकत चालणारे, उठून म्हणाले, “बैठकीत मी पण होतो. हे एकट्या कुलथ्यांचं नाही.” असं ते म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

सणाच्या दिवशी रूथताई आल्या, लेकीच्या हाताला धरून. ‘नांगरट’ आणि ‘पेरणी’ सॅम्युएलने घेतली. मग त्याने काठी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः क्लॅरनेट घेऊन खुर्चीवर बसला. ताईंनी पंचवीस जणांकडे एकदा पाहिलं, गणिताच्या बाई वर्गाकडे बघतात तसं. पेटीचा सूर लागला. त्या काठी फारशी हलवत नव्हत्या, मनगटातून थोडीशी. पुढच्या रांगेतल्या बायका पहिल्या मिनिटाला अस्वस्थ झाल्या, एकमेकींकडे पाहिलं. हे त्यांच्या सवयीचं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मात्र कोणी हलत नव्हतं. राखणदार जागा होता. तो रानावर नजर फिरवत होता, कुठे काही खुडबुडलं तर उठून बसत होता. मी भरत होतो, चार माईक लावून, आणि या खेपेला ऐकतही होतो.

आता आमच्याकडे ‘राखण’ दोन्ही तऱ्हांनी वाजते, आणि चहाच्या वेळी कोणती खरी यावर वाद होतात. मोबाईलवर मी मास्तरांचं, रूथताईंचं जुनं, सॅम्युएलचं आणि त्या दिवशीचं अशी चारही रेकॉर्डिंग दिली आहेत, मास्तरांचं दुरुस्त करून, आणि कोणत्या साली कोणाकडे काठी होती ते लिहून. ऐका आणि ठरवा, एवढंच मी सांगतो. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर सगळे जेवायला गेले तेव्हा मी वायरी गुंडाळत होतो. सॅम्युएल क्लॅरनेट पुसत माझ्याजवळ आला. त्याच्या ‘राखण’मध्ये मधल्या लांब सुरावटीत एके ठिकाणी आवाज बारीकसा तुटतो. लोक तिथेच रडायचे. सॅम्युएलला तिथे हुंदका येतो, असं सगळे सांगायचे, मीही कैक जणांना सांगितलं होतं. त्या दुपारी रूथताईंच्या हाताखाली ती सुरावट अखंड गेली होती, कुठेच तुटली नव्हती.

मी त्याला तसं म्हणालो. तो हसला.

“हुंदका कसला, भाऊ,” तो म्हणाला. “तिथं दम संपायचा माझा. मला वाटायचं, आपली छातीच कमी पडती. वीस वर्सं रोज पहाटं पळाया जायचो त्याच्यापायी. मास्तरनं बरोबर एका दमाचं लिवलं हुतं.”